आमटीची दोन पातेली

१८ जानेवारी. सकाळी धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

रोजनिशीत हवामानाला एक ओळ आणि दिवसाला दोन, असा माझा बेत असतो. रविवार त्यात कधीच मावत नाही. एक किस्सा लिहायला घ्यावा, तर मागचे दोन लिहायचे राहिलेत हे आठवतं आणि समाससुद्धा भरून जातो.

कासार आंबोलीच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते. इंग्रजी मी वर्तमानपत्रं वाचून एकट्यानेच शिकलो. म्हणून परदेशी शिकायला जाण्यासाठी जी इंग्रजीची परीक्षा लागते, तिच्या लेखनाचा सराव करायला दोघं दर रविवारी माझ्याकडे येतात. चैतन्य मूळ लातूरचा, राहतो सूसला, नोकरी आयटीत. स्नेहल गावातली सून. ती नर्स आहे आणि तिला पुढच्या शिक्षणासाठी आयर्लंडला जायचंय. बाकी सगळे पेपर तिला सोपे गेले, लेखनात मात्र ती दोनदा सहावर अडकली. साडेसहा लागतात, आणि प्रवेशाची मुदत पाहता ही शेवटची खेप.

नवऱ्याची हरकत नाही. पण घरात शेवटचा शब्द सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा. ते म्हणतात, "परीक्षा दे. जायाचं का न्हाई ते मागनं बघू." तिला स्कूटरवरून तेच आणतात आणि सराव संपेपर्यंत पायरीवर बसून राहतात.

*

पेपरात आधी एक आलेख असतो. दिसतं तेवढंच लिहायचं, कारणं द्यायची नाहीत. एकदा घरांच्या किमतींचा आलेख आला. तात्या पायरीवरून उठून आत आले आणि त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

"ही हितनं वर का गेली, मला इचारा. रस्ता झाला."

"तात्या, कारण लिहायचं नसतंय," चैतन्य म्हणाला. "भाव वाढला, एवढंच लिहायचं."

"का वाढला ते न सांगता नुसता भाव सांगायचा? मग ही एजंटाची परीक्षा हाय."

*

आलेखानंतर निबंध. त्यात मात्र आपलं मत मांडायचं, कारणं द्यायची, उदाहरण द्यायचं. विषय होता, 'प्राणिसंग्रहालयं बंद करावीत का?' चैतन्यचा निबंध बरा चालला होता. शेवटची ओळ होती, 'तरी कृपया योग्य ती कार्यवाही करावी.'

मी विचारलं, "परीक्षकाने नक्की काय करायचं? वाघ सोडायचे?"

"सवय आहे सर. ऑफिसात असं लिहिलं की विषय आपल्याकडून दुसऱ्याकडे जातो."

*

स्नेहलचं इंग्रजी चैतन्यपेक्षा नेटकं. पण तिच्या निबंधात दोन्ही बाजू बरोबर असायच्या. शाळेत गणवेश हवा म्हणणारे बरोबर, नको म्हणणारेही बरोबर.

"तुझं मत काय?" मी विचारलं.

तिने आधी पायरीकडे पाहिलं. "दोघांचंबी पटतंय, काका."

"ताई, एक बाजू घ्यायलाच लागते," चैतन्य म्हणाला. "मार्क त्याचेच असतात."

"आमच्याकडं तात्यांना आमटी तिखट लागते, आईंना बिनतिखट. लग्न झाल्यापासून मी दोन पातेली करते. कुणाची बाजू घेऊ?"

"मग तुम्ही कुठली खाता?"

तिला विचार करावा लागला.

"उरंल ती."

बाहेर पायरीवर तात्या खोकले.

*

मी तिला घरी करायला अभ्यास दिला: रोज एका गोष्टीवर स्पष्ट मत द्यायचं. आठवड्याभरात तिच्या सासूबाईंनी मला डेअरीपाशी गाठलं.

"भाऊ, सुनेला काय शिकिवताय? काल म्हनली, भेंडी नको."

"मग?"

"मग दोन कारणं दिली. येक उदाहरण दिलं. आन् शेवटाला परत म्हनली, म्हणून भेंडी नको."

"तुम्ही काय केलंत?"

"गवार केली. बोलायला जागाच ठिवली न्हाई तिनं."

*

परीक्षेआधीचा शेवटचा रविवार. विषय मी निवडला नव्हता, सरावाच्या पुस्तकात तोच पुढचा होता: 'तरुणांनी घर सोडून परदेशी शिकायला जावं का?' चैतन्यने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ लावलं.

वेळ संपल्यावर तात्या आत आले. "वाच. मराठीत वाच."

स्नेहल उभी राहिली. "माझं मत आहे की जावं. घरातल्या मोठ्यांना वाटतं, माणूस एकदा गेलं की परत येत नाही. हे मला पटत नाही." पुढे दोन कारणं होती. तिने शेवटपर्यंत वाचलं. "म्हणून जावं."

चैतन्य पेनाचं टोपण काढत-लावत बसला होता.

तात्यांनी कागद तिच्या हातून घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

"उदाहरण कुटंय?"

"न्हाई दिलं, तात्या."

"मग मार्क जातील. आमटीचं घाल."

कागद परत देऊन ते स्कूटर काढायला गेले.

*

आज निकाल लागला. लेखन: चैतन्य, सहा. स्नेहल, सात. चैतन्य पुन्हा बसणार. स्नेहल सप्टेंबरात जाणार.