बाबा आणि बॉक बिअर

पुण्याहून निघताना विमानतळावर बाबा एवढंच म्हणाले, "काम कुठलंही कर, लाजायचं नाही." त्या 'कुठलंही'त काय काय येऊ शकतं, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्समधल्या एनस्खेडेला आले. मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. दोन वर्षं फाइलीत पडून राहिली. मग एका छोट्या ब्रुअरीत यीस्ट सांभाळायचं काम मिळालं. घरी सांगितलं, "फूड लॅब आहे." काका दारूपायी गेले, तेव्हापासून बाबा पिणाऱ्याच्या घरी पाणीसुद्धा घेत नाहीत. परदेशात राहणाऱ्या तुमच्यापैकीही बरेच जण घरी अशी अर्धीच माहिती देतात, मला माहीत आहे.

इथे पानं गळायला लागली की दुकानांत बॉक येते. गडद तांबूस, गोडसर, थंडीच्या तोंडावर प्यायची बिअर. शिजते मात्र ऑगस्टात. गेल्या वर्षी तिची रेसिपी पहिल्यांदाच माझी होती, आणि नेमके तेव्हाच बाबा आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, तुझी लॅब दाखव."

ब्रुअरीच्या दारात सायकली लावताना मी सगळं सांगून टाकलं. बाबा बराच वेळ सायकलचं कुलूपच लावत बसले. मग आत आले. मालकाने बिअरचा ग्लास पुढे केला, तेव्हा त्यांनी हात जोडले. मी यीस्ट घालण्याआधीचा रस दिला. त्यात अल्कोहोल नसतं, नुसतं जवाचं गोड पाणी. बाबांनी दोनदा विचारून खात्री केली, मग घोट घेतला. "काकवीसारखं लागतं," म्हणाले. पुढे महिनाभर त्या विषयावर अवाक्षर नाही. रागावले असते तर परवडलं असतं.

सप्टेंबरअखेर ते निघाले, तोवर बॉक बाटल्यांत भरली होती. आमच्या ब्रुअरीत लेबलावर बिअर करणाऱ्याचं नाव छापतात; या वेळी ते माझं होतं. बाबांनी एक रिकामी बाटली मागून घेतली, तीनदा विसळली आणि बनियनमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवली.

इतकी वर्षं घरी फोन करायचा म्हणजे शब्द तोलून बोलायचं. आता तसं राहिलं नाही, आणि पुण्याचं घर पुन्हा माझं वाटतं. व्हिडिओ कॉलवर टीव्हीशेजारी ती बाटली दिसते. आईने तिच्यात मनीप्लांट लावलाय. येणारे-जाणारे काय म्हणतील म्हणून आई लेबल भिंतीकडे फिरवते. बाबा रोज सकाळी पाणी बदलतात आणि माझं नाव पुढे करून ठेवतात.