नेच्याचं पहिलं पान

बायकोच्या विटेवरची हिरवी साय मी तारेच्या ब्रशने खरवडून टाकली. शेवाळ समजून टाकली, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. ते शेवाळ नाही हे मला चांगलं माहीत होतं.

लग्न ठरलं तेव्हा ती पुण्यात नेच्यांवर, म्हणजे फर्नवर, संशोधन करत होती. फुलं नाहीत, फळं नाहीत, बी नाही अशी ती सावलीतली झाडं. माझी नोकरी भोपाळच्या कारखान्यात. "राहिलेलं नंतर पुरं कर की," असं मी म्हणालो होतो, आणि म्हणताना मोठं मन दाखवल्यासारखं मला वाटलं होतं. मग आनंद नगरात घर झालं, मुलगी झाली, माझे आईवडील राहायला आले. माझं ते 'नंतर' काही आलं नाही.

मुलगी कॉलेजात जाऊ लागली तेव्हा नेहरू नगरकडच्या एका कॉलेजाला वनस्पतिशास्त्रासाठी अतिथी विद्वान हवे होते. म्हणजे तासाच्या हिशेबाने शिकवणारे. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक नमुन्याचा तास घेऊन दाखवा, असं तिला सांगण्यात आलं. तिने ठरवलं की फळ्यावर चित्र काढायचं नाही, जिवंत नेचा उगवताना दाखवायचा.

पावसाळ्यात आम्ही पचमढीला गेलो होतो, तिथून तिने नेच्याचं पान आणलं होतं. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके होते. शेजारच्या बाई बघून म्हणाल्या, "भाभीजी, इसमें तो कीड़ा लग गया, दवाई डालिए."

"कीड़ा नहीं, बच्चे हैं उसके," ही म्हणाली.

ते पान तिने वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं. कागदावर जी तपकिरी पूड पडली ते बीजाणू. उकळून घेतलेल्या विटेच्या तुकड्यावर तिने ते भुरभुरले, वीट पाण्याच्या ताटलीत ठेवली, वर काचेचं भांडं उपडं घातलं आणि सगळं मागच्या गॅलरीत सावलीला नेऊन ठेवलं. काही आठवड्यांनी विटेवर हिरवी साय धरली. पुढे तिच्यातून बदामाच्या आकाराचे, मसुरीच्या डाळीएवढे पातळ तुकडे झाले. ती ड्रॉपरने त्यांच्यावर पाणी सोडायची.

"अहो, झाडं पाण्यातून जमिनीवर आली खरी, पण यांचं लग्न अजून पाण्यातच लागतं," एकदा जेवताना ती सांगत होती. "नरपेशी पोहत जाते मादीकडे. थेंबभर पाणी नसलं की संपलं."

"मग आंब्याला नाही लागत पाणी?" मुलीने विचारलं.

"आंब्याने पोहायची भानगडच ठेवली नाही. परागकणातून नळी निघते, ती नरपेशी थेट आत पोचवते. वर बी केलं, त्याला कवच घातलं, शिदोरी बांधून दिली. आमचे नेचे आपले जुन्या वळणाचे."

"आणि हा बदाम म्हणजेच नेचा?"

"नेच्याचीच आधीची पिढी. याला मूळ नाही, खोड नाही, पाणी वर चढवायच्या नळ्या नाहीत. तुझ्या बाबांच्या कारखान्यासारखी पाइपलाइन मोठ्या नेच्यात असते. याच्या अंगावर नेच्याचं पहिलं पान येतं, ते स्वतःची मुळं सोडतं आणि मग हे वाळून जातं. कुंडीतल्या नेच्याचं कौतुक सगळे करतात. याचं नावही कुणाला ठाऊक नसतं."

"बाबा, आई तुम्हाला सुना रही है हां!" मुलगी हसत म्हणाली. दोघी हसल्या.

मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात माझी बढती हुकली होती आणि माझ्या हाताखाली शिकलेला माणूस माझा साहेब झाला होता. घरी मी ते सांगितलं नव्हतं, तरी कुणी विचारत नाही याचा मला राग होता. तिला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तो आनंद माझ्यामुळे नव्हता.

दिवाळीच्या सफाईत मागची गॅलरी दरवर्षी माझ्याकडे असते. रविवारी दोघी बाजारात गेल्या. मी काचेचं भांडं उचललं, तिचं भिंग घेतलं आणि विटेवर वाकलो. एका बदामाच्या खाचेतून हिरवा देठ वर आला होता आणि त्याच्या टोकाला दोन फाकांचं एवढंसं पान होतं. पहिलं. सकाळी तिने पाणी घातलं तेव्हा ते तिच्या नजरेतून सुटलं असावं. मी ते नीट पाहिलं. मग ब्लीचिंग पावडर टाकली आणि ब्रश घेतला.

"शेवाळ वाटलं गं मला," ती आल्यावर मी म्हणालो.

ती धुतलेल्या विटेकडे बघत राहिली. "दिसतंच तसं," म्हणाली. "मी चिठ्ठी लावायला हवी होती."

मी उदार होऊन म्हणालो, "पुन्हा पेर की."

"कशाला? इतके आठवडे पाणी घातलं, एक पान आलं नाही. माझाच हात गेलाय आता."

तेव्हा एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी चहा मागितला. दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजात फोन केला. "नहीं सर, मेरी तैयारी नहीं है," हे कानावर पडलं आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढे काही वर्षांत तो प्रसंग आमच्या घरचा विनोद झाला. "आमच्या ह्यांनी जंगल साफ केलं," असं ती पाहुण्यांना सांगायची आणि मीही हसायचो.

गेल्या महिन्यात आम्ही भोपाळातल्याच कोटरा सुल्तानाबादला एका ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. त्या घरच्या बाई शाळा चालवतात. त्यांनी हिला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायला येता का, असं विचारलं. ही म्हणाली, "छे हो, मी कसली शिकवते! माझ्या हाताने एक नेचा उगवला नाही." सगळे हसले. सवयीने मीही हसायला तोंड उघडलं, पण हसता आलं नाही.

परतताना मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"काय झालं? पंक्चर?" तिने विचारलं.

"पान आलं होतं."

"कसलं पान?"

"तुझ्या विटेवर. मी घासायच्या आधी तुझ्या भिंगातून पाहिलं होतं. शेवाळ नव्हे, हे मला माहीत होतं."

समोर रस्त्याकडे बघतच तिने विचारलं, "कसं होतं?"

"दोन फाकांचं. खाचेतून देठ आला होता."

तिने डोळे मिटून घेतले. मी म्हणालो, "तुझा हात गेला नव्हता. तू खूश होतीस ते मला बघवलं नाही, म्हणून मी ते मारलं आणि तुला इतकी वर्षं तसंच समजू दिलं. मला माफ कर."