चाळीस वर्षे न झिजलेले जोडे

आमच्या चर्चमधली मंडळी म्हणतात, पलासिया भागातला तो जोडे शिवणारा देवाचा कोप गोड करून सांगतो. हे धादांत खोटे आहे. बारा वर्षे मी त्याच्या स्टुलावर बसतो आहे. तो ओठांत खिळे धरून बोलतो आणि प्रत्येक वाक्य हातोडीच्या ठोक्याने संपवतो. त्यात गोडवा शिरणार कुठून?

इस्राएल लोकांनी देवावर विश्वास ठेवला नाही, म्हणून त्यांना चाळीस वर्षे रानात भटकावे लागले. ती शिक्षा पाळकांनी प्रवचनात किरकोळ ठरवली. मी उभा राहून हरकत घेतली आणि पुढे तीन महिने चर्चची पायरी चढलो नाही.

"बाबूजी, बरोबर बोललात," हे ऐकून जोडे शिवणारा म्हणाला. ठोका. "सजा पूरी झाली, एक दिन कमी नाही." ठोका. "पण तेवढ्या वर्षांत त्यांच्या पायातले जोडे झिजले नाहीत, हेही शास्त्रात तिथंच लिहिलंय. देव रागावला, तरी लेकरांच्या पायांकडे बघत होता. तुम्ही तर पाळकांच्या तोंडाकडेसुद्धा बघत नाही."

मला शास्त्र शिकवू नकोस, असे मी बजावले. मी टाका घालायला दिलेल्या माझ्या रविवारच्या जोड्यांना त्याने न सांगता नवे तळ ठोकले.

"रुसवा चालवायचा तर चालवा," तो म्हणाला. "पण माझे तळ चाळीस वर्षं नाही टिकणार."

त्या रविवारी मी गेलो, पाळकांशी हातही मिळवला. त्याने माझी समजूत घातली, असे मंडळी आता सांगतात. तेही खोटे आहे. मला फक्त नवे तळ चालून पाहायचे होते.