धवळ्यातलं नाव आणि फाटकाचं कुलूप

मी गजा मांडववाला. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात लग्न असो, दहावा असो की प्रचारसभा, बांबू आणि कापड माझं असतं. त्यामुळे निवडणुकीतलं मला कुणी शिकवू नये. कोण का निवडून येतो आणि कोण का आपटतो हे मी मांडवाच्या खांबाला टेकून जेवढं बघितलंय, तेवढं टीव्हीवर बडबडणाऱ्यांनी बघितलेलं नाही. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. निवडून आलेली माणसं अजून खुर्चीत आहेत आणि मला पुढचाही सीझन करायचा आहे. पळसदरीच्या अलीकडे की पलीकडे, तेही विचारू नका.

आमच्याकडे नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडतात. कुणाला मत देणार असं विचारलं की लोक पाणी, गटार, रस्ता म्हणतात, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचं असतं. खरं कारण नंतर चहावर निघतं. हा आमच्या म्हाताऱ्याच्या मयतीला नदीपर्यंत चालत आला होता. तो हळदीला आला, पण गाडीतून उतरलाच नाही. तिच्या सासऱ्यानं आमच्या बांधावरचा आंबा तोडला होता. एकानं तर मला सांगितलं की उमेदवारानं त्याच्या पोरीच्या लग्नात दुसऱ्यांदा भात मागून घेतला, म्हणून मत त्यालाच. शेलूच्या नव्या इमारतींतली माणसं हे ऐकून हसतात. मी हसत नाही. ज्या माणसाला पुढे पाच वर्षं झेलायचं, त्याला एकदा जेवताना बघून घेतलेलं बरं असतं, असं माझं मत आहे.

पण या सगळ्यांत पक्की पारख बायजाआईची. बायजा निरगुडे. आमच्या हद्दीत डोंगराच्या पायथ्याला शेवटची ठाकरवाडी आहे, तिथली ही धवळारीण. वाडीतल्या लग्नाला भटजी लागत नाही. बायजाआई धवळे गाते आणि लग्न लावते. तिचं माहेर भिवपुरीच्या वरच्या अंगाला. धवळे तिनं आत्याकडून घेतले, भाताची आवणी करता करता, चिखलात वाकून. नवरा तरणाच गेला. मग लोकांच्या शेतात राबून, पावसाच्या तोंडाला बाजारात शेवळं, ती रानभाजी, विकून तिनं दोन पोरं वाढवली. आता सून शेवळं विकते आणि बायजाआई फक्त लग्नं लावते. अंगानं चिपाड, पण आवाज असा की माझा साउंडवाला माईक द्यायला गेला की ती त्याला हातानंच बाजूला सारते.

तिच्या धवळ्यात आधी देवांची नावं येतात, मग वाडीतल्या गेलेल्या माणसांची आणि शेवटी दोन-चार जिवंत माणसांची. या शेवटच्या नावांना फार वजन आहे. धवळ्यात ज्याचं नाव आलं तो त्या लग्नाचा साक्षी. उद्या नवरा-बायकोत बिनसलं तर बायजाआई थेट त्याच्या दारात जाऊन बसते. पळसदरीच्या एका मामानं असं नाव मोठ्या हौसेनं घ्यायला लावलं होतं. वर्षाच्या आत भाची रुसून माहेरी आली आणि मामा म्हणाला, मला सवड नाही. बायजाआई त्याच्या ओट्यावर चूल मांडून बसली. मामाला सवड झाली. एकदा घेतलेलं नाव ती परत काढत नाही आणि त्या माणसालाही काढू देत नाही.

आता उंबराचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरूनच घडलं. लग्नाच्या सकाळी मांडवाच्या पुढच्या खांबाला उंबराची फांदी बांधावी लागते आणि लग्न उरकलं की ती त्याच झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवावी लागते. आणली तिथे परत दिली, की लग्न पुरं झालं. वाडीचा हा उंबर खालच्या माळावर होता. माळ विकला गेला. तो विलासशेठनं घेतला, भिंत घातली, आत बंगला बांधला, फाटकाला वॉचमन बसवला. उंबर आत राहिला. तेव्हापासून बाया नाल्यापलीकडच्या कुठल्यातरी झाडाची फांदी आणायच्या. ती बांधताना बायजाआईचं तोंड कडू व्हायचं. तिचं स्वतःचं लग्न आतल्या उंबराच्या फांदीखाली लागलं होतं. मला ती दर लग्नात एकच सांगायची, "गजा, आवाज हाय तवर आमच्या उंबराची फांदी मांडवाला लागलेली बघायची हाय मला. आवाज गेला की कोण भांडणार रं?"

गेल्या निवडणुकीला हाच विलासशेठ नगराध्यक्षपदाला उभा राहिला. समोर रूपालीताई होती, शिवणाचा क्लास चालवणारी, बोलायला सरळ आणि पैशाच्या बाजूनं अगदीच हलकी. त्याच दिवसांत वाडीत धाऊच्या पोराची हळद होती. मांडव माझा. विलासशेठ तीन गाड्या घेऊन आला. बरोबर ऋषिकेश नावाचा त्याचा कार्यकर्ता, हातात सारखा फोन. धवळे ऐकून या ऋषिकेशच्या डोक्यात आलं की साहेबांचं नाव धवळ्यात गुंफलं तर काय व्हिडिओ होईल. तसं त्यानं बायजाआईच्या कानात सांगितलंही.

बायजाआईनं गाणं थांबवलं. सगळ्यांसमोर विलासशेठला विचारलं, नाव घेतलं की तू या लग्नाचा साक्षी होशील, वाडीचा सोयरा होशील, आम्ही तुझ्या दारात येऊ, चालेल का? शेठ हसून म्हणाला, घे की आई, मी काय परका आहे? त्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. वाडीतल्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण त्यांना माहीत होतं की आता हा माणूस बांधला गेला. बायजाआईनं नाव घेतलं, नीट, लांब सुरात. सकाळपर्यंत तो व्हिडिओ अख्ख्या तालुक्याच्या स्टेटसवर होता.

आणि सकाळीच बाया टोपलीत हळदकुंकू घेऊन शेठच्या फाटकावर उभ्या राहिल्या. सोयऱ्याकडे फांदी मागायला आल्या होत्या. ऋषिकेशला तर हे आणखी आवडलं. विलासशेठनं स्वतः फाटक उघडलं, बायांच्या मागे उंबरापर्यंत गेला, कोयता हातात धरून फोटो काढला. फांदी वाजतगाजत आली. खांबाला मी बांधली. बायजाआई खांबाला हात लावून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला इतका आनंद झाला की मी दोरीची गाठ दोनदा चुकवली.

रूपालीताई दुपारी आली. तिची माणसं तोंड पाडून होती, कारण धवळ्यात नाव गेलं म्हणजे वाडी गेली असा सगळ्यांचा हिशोब. ती पंगतीला बसली, जेवली, नवरीला आशीर्वाद दिला आणि गेली. नाव घ्या असं काही म्हणाली नाही.

दोन दिवसांनी मी मांडव सोडला. बायजाआईनं फांदी उतरवून घेतली आणि माझ्या टेंपोत पुढे बसली. फांदी परत द्यायची होती. फाटकाला कुलूप. वॉचमन म्हणाला, परवानगी नाही. बायजाआई म्हणाली, विचार शेठला, सोयरी आली म्हणून सांग. त्यानं फोन लावला, स्पीकरवर. विलासशेठ घाईत होता. म्हणाला, आता कोणाला आत सोडू नकोस, निवडणुकीनंतर बघू. फांदीच ना, भिंतीवरून आत टाक म्हणावं.

मला असा राग आला की मी हॉर्नवर हात ठेवून तसाच दाबून धरला. बायजाआईनं माझा हात काढला. फांदी मांडीवर नीट घेतली आणि म्हणाली, टेंपो रूपालीच्या घराकडे वळव.

रूपालीताई घरात भाताची पेज गाळत होती. दार उघडंच होतं. आम्हाला बघून तिनं हात पुसले, पाट दिले. बायजाआईनं तिला विचारलं की तू निवडून आलीस तर ती भिंत पाडशील का. मला वाटलं आता ही हो म्हणणार, कोणीही म्हटलं असतं. तिनं पेजेवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "भिंत पाडीन असं नाही सांगत आई, जागा त्यांची आहे. पण तुम्ही फाटकावर जाल तेव्हा मला बोलवा. दार वाजवायला मी येईन." मला हे उत्तर फार बेताचं वाटलं. बायजाआईनं मात्र पेज मागून घेतली आणि प्यायली.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी वाडी बायजाआईच्या अंगणात जमली. धाऊनं विषय काढला. आपण शेठचं नाव धवळ्यात घेतलंय, तो आपला सोयरा, मग मत त्यालाच द्यायला नको का? बऱ्याच जणांना ते पटत होतं. घेतलेल्या नावावरून मागे सरणं त्यांना लाजिरवाणं वाटत होतं. बायजाआईनं वळचणीकडे बोट दाखवलं. तिथे उंबराची फांदी लटकत होती, पानं सुकून गळायला लागलेली.

"साक्षीला नाव घेतलं ते घेतलं," ती म्हणाली. "मत येगळं. फांदी अजून माज्याच वळचणीला हाय. ती बघा आन् काय दाबायचं ते दाबा."

विलासशेठ पडला. थोडक्यात पडला आणि त्या थोडक्यात आमची वाडी होती, हे मी छातीठोक सांगतो. व्हिडिओ हजारोंनी बघितला होता, पण बघणारे निम्मे आमच्या हद्दीतले मतदारच नव्हते. शेठनं बाजारात बोलून दाखवलं की या लोकांसाठी मी फाटक उघडलं आणि यांनी मला दगा दिला. मला वाटलं, संपलं, आता उंबर कायमचा गेला.

फाल्गुनात वाडीतल्या आवडी नावाच्या बाईच्या लेकीचं लग्न निघालं. मी मांडव घालताना म्हणालो, बायजाआई, यंदा नाल्यापलीकडचीच फांदी आणा, तो पडलेला माणूस आहे, चिडलेला आहे. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिच्यासमोर उलटा खांब रोवलाय. म्हणाली, नाव घेतलंय त्याचं. ते काय मशीनवरचं बटन हाय, दाबलं आन् सपलं?

सकाळी बाया निघाल्या. बायजाआईच्या एका हातात जुनी फांदी, आता नुसती काठी झालेली. रूपालीताईला आदल्या दिवशी निरोप गेला होता. ती आली, पायी, नगरपरिषदेची गाडी न घेता. फाटकाशी पोचल्यावर तिनंच कडी वाजवली आणि बाजूला होऊन उभी राहिली. मी मागे शिडी घेऊन उभा, म्हटलं वेळ पडली तर भिंतीवरून चढू.

बायजाआईनं हाक मारली नाही. तिनं धवळा धरला. देव झाले, गेलेली माणसं झाली आणि मग तोच लांब सूर, विलास, सोयरा आमचा. एकदा. पुन्हा एकदा. वॉचमन गोंधळून आत पळाला. थोड्या वेळानं विलासशेठ स्वतः आला. लेंगा-बनियनवर, झोपेनं तोंड सुजलेलं, मागे ना गाडी ना ऋषिकेश. रूपालीताईला बघून तो थबकला. परत फिरतोय असं मला वाटलं. पण बायजाआई अजून त्याचंच नाव गात होती आणि स्वतःचं नाव असं ऐकत कुणाला पाठ फिरवता येत नसावी.

तो फाटकाच्या गजांआडून म्हणाला, "माझं नाव अजून घेतेस? मग मत का नाय दिलंस, आई?"

"नाव घेतलं कारण तू हो म्हणालास," बायजाआई म्हणाली. "मत नाय दिलं कारण दोन दिसांनी तू कुलूप लावलंस. एवढंच हाय. तुझ्यावर दुसरा राग नाय माजा."

शेठनं तिच्या हातातल्या त्या काठीकडे बघितलं. मग त्यानं खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. फोटो काढायला कोणी नव्हतं. बायजाआई आधी आत गेली, जुनी फांदी बुंध्याशी ठेवली, मातीला हात लावला. धाऊच्या पोराचं लग्न त्या दिवशी पुरं झालं. मग नवी फांदी तोडली आणि ती विलासशेठनं बाहेरपर्यंत स्वतः खांद्यावर आणून दिली.

बाहेर पडताना बायजाआई फाटकाशी थांबली. उघडं कुलूप कडीत लटकत होतं. ते तिनं काढून घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. शेठ काही बोलायच्या आत म्हणाली, "हे माज्याकडं ऱ्हाऊंदे. पुढच्या बारीला मत मागायला येशील ना, तवा घिऊन जा."

रूपालीताई हसली. विलासशेठलाही हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. मी खांबाला फांदी बांधली, या वेळी गाठ पहिल्याच फटक्यात बसली. पुढच्या निवडणुकीला कोण येईल ते मला विचारायला आता बरेच जण येतात. मी त्यांना सांगतो, आधी फाटकाला नवं कुलूप लागलंय का ते बघून या. आजपर्यंत तरी लागलेलं नाही. जुनं कुलूप बायजाआईच्या घरात खुंटीला आहे आणि त्याची किल्ली विलासशेठच्या खिशात.