किल्ली धुळ्यात होती

मी सरकारी दवाखान्यात औषधं देणारा माणूस होतो. सोनगीरला एसटीतून उतरायचं आणि जीप धरून आत जायचं, अशा एका गावातलं आरोग्य केंद्र. कागदावर मी त्याच गावात राहत होतो. तसा दाखला ग्रामपंचायत दरवर्षी द्यायची. एक खोलीही भाड्यानं घेतलेली होती. तिच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं आणि मी धुळ्यात माझ्या घरी असायचो. आमच्यात बहुतेक जण असंच करत. याला आम्ही अप-डाऊन म्हणायचो आणि त्यात कुणाला लाज वाटत नसे.

दर जूनमध्ये केंद्रातून आपत्तीचा आराखडा वर पाठवावा लागे. मागच्या वर्षीचा कागद घ्यायचा, सालावर पांढरी शाई लावायची, नवं साल लिहायचं. त्यात माझ्या हुद्द्यापुढे 'चोवीस तास उपलब्ध' असं असायचं. ते अक्षर माझंच.

औषधांच्या खोलीला दोन किल्ल्या होत्या. नियमानं एक माझ्याकडे आणि एक केंद्रात राहायला हवी. पण साठ्यात कमी-जास्त निघालं की मान माझी अडकणार, म्हणून दोन्ही मी माझ्याच जुडग्यात ठेवल्या होत्या. हे तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एका साली श्रावणात दोन दिवस पाऊस लागून होता. बिळांत पाणी शिरलं की साप घरात येतात, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. सकाळी सातला नर्सबाईंचा फोन आला.

"भाऊ, बाईला साप चावलाय. नवऱ्यानं खाटेवर घालून आणलीय. बोलतेय अजून. किल्ली कुठाय?"

"माझ्याकडे. डॉक्टर?"

"बैठकीला गेलेत. फोनवर आहेत, इंजेक्शन द्या म्हणतात. कुलूप तोडू का?"

नर्सबाईंनी ते इंजेक्शन आधीही दिलेलं होतं. त्यांना फक्त दार उघडं हवं होतं. मी म्हणालो, "तोडू नका. सरकारी कुलूप आहे, पंचनामा होईल, चौकशी लागेल. मी निघालोच. तासाभरात पोचतो."

गावाच्या अलीकडे नाला आहे, त्यावर फरशी पूल. फरशी दिसतच नव्हती. नुसतं तांबडं पाणी, आणि त्यातून कुणाची तरी कडब्याची गंजी वाहत चाललेली. मी जीपवाल्याला म्हणालो, "घाल गाडी."

"नाना, पोहता येतं का? येत असंल तर उतरा. नाहीतर गप बसा."

फोनला रेंज नव्हती. पलीकडे दवाखान्याची पाण्याची टाकी दिसत होती. मी खिशात हात घालून उभा होतो आणि हातात दोन्ही किल्ल्या होत्या. तिकडे नर्सबाई माझ्या शब्दावर थांबल्या होत्या. तास झाला, दीड तास झाला, तेव्हा त्या बाईच्या नवऱ्यानंच पहार आणून कुलूप तोडलं. इंजेक्शन दिलं गेलं, पण तोवर तिचा श्वास मंदावत चालला होता. पाणी उतरल्यावर मी पोचलो तेव्हा तिला वरून लुगडं पांघरलेलं होतं.

चौथ्या दिवशी वरचे साहेब आले. त्यांनी मला विचारलं, "आधी भगताकडे नेलं असेल ना हिला?"

मी म्हणालो, "असेल."

एवढंच. अहवालात लिहिलं गेलं: नातेवाइकांनी आधी भगताकडे नेल्यानं विलंब, शिवाय नैसर्गिक आपत्तीमुळे रस्ता बंद. खाली पहिली सही माझी. दाराला नवं कुलूप मीच लावलं. नर्सबाई बदलून गेल्या. जाईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

तो कागद बाईच्या माहेरी पोचला. सासूनं जावयाला दार बंद केलं आणि लहान नात स्वतःकडे ठेवून घेतली. तुझ्या बापानं तुझ्या आईला भगताकडे नेऊन मारलं, हे ऐकतच ती पोर मोठी झाली.

यंदा मी सगळं लिहून वरच्या कार्यालयात दिलं. जुने सोबती चिडले. "निवृत्त झालास ना? कशाला उकरतोस? पूर होता, आपण काय करणार?" एकानं पेन्शनची भीती घातली. मी म्हणालो, चौकशी लावा. मीच पहिला साक्षीदार होईन. पूर नाल्याला आला होता. कुलूप पुरानं लावलं नव्हतं आणि भगतही पुरानं लिहिला नव्हता. मला आता 'नैसर्गिक' हा शब्द कुणी ऐकवू नये.

मग त्या नवऱ्याकडे गेलो. त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "आम्ही सरळ दवाखानामा उनूत, भाऊ. तवाबी सांगं व्हतं, कोनी ऐकं नही. कागदनी झेरॉक्स द्या. सासूले दखाडतो."

मी म्हणालो, "कागदानं एकदा घात केलाय. मी स्वतः येतो."

सासूच्या दारापाशी तो बाहेरच थांबला. म्हातारी ओट्यावर बसली होती, शेजारी नात. मी उभ्यानं सगळं सांगितलं. दोन किल्ल्या, फोन, 'असेल' हा एक शब्द. म्हातारीनं ना बस म्हटलं, ना पाणी विचारलं. तिनं तशी अपेक्षा ठेवायला जागाच ठेवली नाही, आणि बरंच केलं.

"इतला वरीस कोठे व्हतात तुमी?" तिनं विचारलं.

"धुळ्यात," मी म्हणालो. "त्या सकाळी होतो, तिथंच."

मग म्हातारी नातीकडे न पाहता म्हणाली, "ऊठ. तुना बापले घरमा बलाव."