उधव्याच्या पावसाची मूळ नोंद

आमच्या ऑफिसात दोन ढीग आहेत. एक जुन्या रजिस्टरांचा, दुसरा किश्शांचा. रजिस्टरांना वाळवी लागते, किश्शांना अजून लागलेली नाही. उलट दर पावसाळ्यानंतर त्यांना नवे कोंब फुटतात! म्हटलं, वाळवीचा विचार बदलायच्या आत काही सांगून टाकावेत.

आधी आम्ही कोण ते सांगते. डहाणूला एका बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं बसतो. सुनीता मॅडम आमच्या प्रमुख, नरेशभाई रजिस्टरं सांभाळतात आणि मी आकडे कॉम्प्युटरमध्ये भरते. किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्राची सुरक्षा तपासायची, तर या पट्ट्यात आजवर सगळ्यात वाईट पाऊस किती पडला, वारा किती सुटला, हे नक्की ठाऊक हवं. त्यावरून आणीबाणीच्या पंपांचा ओटा किती उंच बांधायचा ते ठरतं. अणुभट्टी थंड ठेवणारे पंप ते. ते पाण्याखाली गेले तर पुढचं बोलायलाच नको. एवढंच आमचं काम, आणि एवढ्यावरूनच आमची सगळी भांडणं.

खालच्या बेकरीवाल्याला हे मी तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्याने विचारलं, "म्हणजे ताई, उद्या पाऊस आहे का?"

"उद्याचं माहीत नाही. जुन्या पावसाचं विचारा."

"जुन्या पावसाचं काय करू? पाव आज भिजले माझे!"

*

झाईला समुद्राकाठी एक स्वयंचलित यंत्र आहे. वारा, ऊन, पाऊस सगळं आपलं आपण मोजतं आणि मुंबईला आमच्या सल्लागार कंपनीच्या मुख्य ऑफिसला पाठवतं. एकदा कंपनीचा शेरा आला, "झाईचा डेटा उत्कृष्ट. वारा अत्यंत स्थिर."

नरेशभाई चष्मा काढून म्हणाले, "झाईला वारा स्थिर? अरे, झाईमां तो माणस पण स्थिर नथी!"

गेलो बघायला. यंत्राच्या खांबापासून कुंपणापर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बोंबील! एक दोरी तर कुणीतरी शिडी लावून वरपर्यंत नेलेली, ती वारा मोजणाऱ्या वाट्यांनाच गुंडाळली गेली होती. वाट्या फिरणार कशा?

बोंबील उलटणाऱ्या मावशींना मॅडमनी विचारलं, "मावशी, इथेच का वाळवता?"

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वारा चांगला म्हणून तुमी यंत्र इथं लावलं ना? मग आमी बोंबील काय घरात सुकवू?"

मॅडमनी अहवालात लिहिलं, "यंत्र बंद. जागा योग्य. ग्रामस्थांचा दुजोरा आहे."

*

कोसबाडच्या बाजूला जयंतकाकांची चिकूची वाडी आहे. त्यांच्या वडिलांनी वर्षानुवर्षं डायरी लिहिली. त्यात वादळाच्या नोंदी अशा: "आज वारा, तीन झाडं." "आज वारा, अकरा झाडं." आम्हाला ती डायरी म्हणजे खजिनाच वाटला.

कंपनीने मुंबईहून एक तरुण इंजिनियर पाठवला होता. त्याने डायरी चाळली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "काका, वाऱ्याचं युनिट काय?"

"चिकू."

"नाही, म्हणजे हे युनिट चालणार नाही."

काकांनी डायरी त्याच्या हातातून काढून घेतली. "माझी अकरा झाडं आडवी केली तेव्हा वाऱ्याने युनिट सांगितलं नव्हतं. परत आला की तुम्हीच विचारा त्याला!"

इंजिनियरला त्यांनी चिकू मात्र पोटभर खाऊ घातले. तो जाताना म्हणाला, "मॅडम, डायरी घ्या अहवालात." आमच्या बाजूला आलेला तो पहिला माणूस.

*

आमच्या भागात भूकंपाचे बारीक धक्के बसतात. तलासरीच्या लोकांना तर त्याचं काही वाटेनासं झालंय. भांडी वाजली की बाहेर यायचं, थांबली की आत जायचं. एकदा कंपनीच्या मोठ्या साहेबांशी व्हिडिओ मीटिंग चालू होती. साहेब बोलायला लागले आणि कपाट खडखडलं. आम्ही तिघंही खुर्चीतून ताडकन उभे राहिलो.

पडद्यावर साहेब खूश. "बसा, बसा! एवढा मान नको."

मॅडम म्हणाल्या, "सर, भूकंप झाला."

साहेबांनी समोरचा कागद चाळला. मग म्हणाले, "तो आपल्या स्कोपमध्ये नाही."

*

आता मुख्य भांडण. उधव्याच्या शाळेच्या आवारात एक साधं पर्जन्यमापक आहे. वर नरसाळं, आत बाटली. जमलेलं पाणी काचेच्या मापनळीने मोजायचं. शाळेतले शिपाई नवशाकाका रोज सकाळी ते मोजायचे; निवृत्त झाले तरी ती सवय सुटलेली नाही. काही वर्षांपूर्वीच्या एका जुलैत त्यांच्या रजिस्टरात एका दिवसाचा पाऊस बावीस नळ्या लिहिलेला आहे. आमच्या सगळ्या ढिगात एवढा मोठा आकडा दुसरा नाही.

साहेबांचा फोन आला. "हा आकडा काढून टाका. आजूबाजूला कुठेच एवढा पाऊस नाही. सगळा ग्राफ बिघडतोय."

मॅडम म्हणाल्या, "सर, पाऊस ग्राफ बघून पडत नाही."

"पंपांचा ओटा किती उंचावावा लागेल, कल्पना आहे?"

"आहे. म्हणूनच काढत नाही."

सुधारलेला अहवाल सहीसाठी आला. बावीस नळ्या गायब. मॅडमनी सही केली नाही. पुन्हा आला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा सोबत चिठ्ठी होती की सही झाली नाही तर डहाणूचं ऑफिस चालू ठेवायचं की नाही, याचा विचार करावा लागेल. मला खरंच भीती वाटली. घरी सांगायचं काय? मॅडमनी त्या चिठ्ठीवर चहाचा कप ठेवला आणि म्हणाल्या, "पुढचं रजिस्टर काढा."

शेवटी कंपनीच्या तीन जणांच्या समितीने डहाणूला यायचं ठरलं. त्यांचं म्हणणं असं की उधव्याचं ते पान फारच स्वच्छ आहे. एवढ्या पावसात लिहिलेलं पान असं कोरडं? अक्षर इतकं वळणदार? नोंद मागाहून केलेली दिसते. खरी असेल तर मूळ नोंद दाखवा.

आदल्या आठवड्यात मॅडम आणि मी उधव्याला गेलो. नवशाकाका अंगणात नाचणी पाखडत होते. मॅडमनी सगळं सांगितलं. काकांनी सूप खाली ठेवलं.

"मी खोटा हाय म्हनतात?"

"मूळ नोंद मागतायत, काका."

"मूळ पायजे? आनतो."

"आहे तुमच्याकडे?"

"हाय ना. रोज उघडतो, लावतो."

आम्हाला वाटलं, पेटी असेल.

*

समिती खुर्च्यांवर बसली, चहा झाला आणि खाली बेकरीसमोर टेम्पो थांबला. नरेशभाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, आ तो दरवाजो छे!"

नवशाकाका आणि टेम्पोवाला सागाचं अख्खं दार जिन्यावरून वर आणत होते. बिजागऱ्यांसकट. ते त्यांनी समितीच्या टेबलाला टेकवून उभं केलं.

"शाळेला सुट्टी होती," काका म्हणाले. "वही कपाटात, चावी गुरुजींकडं, आनि गुरुजी नदीपल्याड अडकले. घर माजं शाळेला लागून. बाटली भरत आली का मोजायचं, वतायचं. कागुद टिकतो का तेवढ्या पान्यात? एक नळी, दारावर एक रेघ. कोयत्यानं. गुरुजी आले तवा मंग सावकाश वहीत लिवलं. चांगल्या अक्षरात."

समितीचे प्रमुख उठले. त्यांनी बोट लावून रेघा मोजल्या. मग वरून खाली मोजलेल्या खालून वर मोजल्या. दोन्ही वेळा बावीस.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण मूळ पुरावा नियमाप्रमाणे समितीकडे जमा करावा लागेल."

"घ्या. पावती द्या."

प्रमुख बाकीच्या दोघांकडे बघू लागले. मग मॅडमनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि शांतपणे सांगितलं, "लिही. उधवा, पावसाची मूळ नोंद. एक दार, रेघा बावीस. तपासून स्वीकारली."

मी लिहिलं. प्रमुखांनी कागद दोनदा वाचला, मॅडमकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि सही केली.

नवशाकाकांनी पावतीची घडी करून ती टोपीत ठेवली. जिन्यापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "साहेब, पाऊस यायच्या आदी दार परत धाडा हां. यंदा रेघा कशावर मारू?"