काका म्हटलं म्हणून हुकलेला बिबट्या

टांझानियाला जायचं ठरलं ते भाजीमुळे. वारज्यात आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी, असतील माझ्याच वयाच्या, म्हणाल्या, "काका, पिशवी नीट धरा." मी सत्तेचाळीसचा. त्याच संध्याकाळी केस रंगवले आणि बायकोला, सुनीताला म्हटलं, "आफ्रिकेला जाऊ. तिथे तरी कोणी काका म्हणणार नाही."

"रंग लावलाय ना? मग विमान कशाला?" ती म्हणाली.

आरुशाहून तारांगिरे उद्यानाची एक दिवसाची सफर घेतली. प्रवेशशुल्क, गाडी, गाईड, जेवणाचा डबा सगळं एकाच रकमेत. टीप तेवढी वेगळी ठेवा. दोन-अडीच तास रस्ता गुळगुळीत, उद्यानात शिरलं की हाडं खिळखिळी. डब्यात गार कोंबडी आणि केळं निघालं, तेव्हा घरच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांनी लाज राखली. आणि निळे कपडे अजिबात नकोत, त्सेत्से माश्या त्यांच्यावर तुटून पडतात. मी नेमका निळा टीशर्ट घातला होता, तरुण दिसतो म्हणून.

आमचा गाईड जोसेफ, पंचविशीतला. गाडीत बसताच इंग्रजीत म्हणाला, "वेलकम, काका."

माझा चेहराच उतरला. सुनीता खिडकीकडे तोंड करून हसत होती. मग दिवसभर तेच. काका, हत्ती बघा. काका, पाणी हवंय? हत्तींचा अख्खा कळप पिल्लांसकट समोरून गेला आणि मी गाडीच्या आरशात केसांची मुळं तपासत होतो.

दुपारी एका झाडाखाली गाडी थांबवून तो कुजबुजला, "काका, वर बघा. बिबट्या."

झालं. वर बघायचं सोडून मी बोट नाचवत त्याला ऐकवलं, की मी सत्तेचाळीसचा आहे आणि आमच्याकडे काका म्हणजे बापाचा भाऊ. आवाज जरा चढलाच.

"अहो, गेला," सुनीता म्हणाली. "उडी मारून गेलासुद्धा."

जोसेफ कानकोंडा झाला. "सॉरी, सर. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतेपर्यंत तो मला 'सर'च म्हणत राहिला, आणि ते काकापेक्षा जास्त लागलं. शेवटी निरोप घेताना मीच म्हटलं, "येतो, काका." तेव्हा कुठे तो हसला.

सुनीताने काढलेल्या बिबट्याच्या फोटोत झाड आहे आणि माझं बोट.

परवा भाजी घ्यायला गेलो. "काका, कोथिंबीर देऊ?"

"द्या. मावशी, तुम्हाला माहितीये का, आफ्रिकेत काका म्हणजे भाऊ."

त्यांनी जुडी पिशवीत टाकली. "असं होय? मग भाऊ, मला मावशी का म्हणता?"